आरपी दादू आणि गंजाचं औषध

आमच्या कुरुळीत कुणालाही विचारा, दादू येळवंड्याला लग्नात हळद लावलीच नव्हती, आरपी ऑइल लावलं होतं असं सांगेल. थाप आहे. पण इतकी जुनी थाप आहे की आता दादूच्या सासरचे लोकसुद्धा ‘व्हय, आमी बघितलंय की’ म्हणून साक्ष देतात.

आरपी म्हणजे लोखंडाला गंज धरू नये म्हणून लावायचं तेल. चाकणला गिअर बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या पॅकिंग खात्यात दादूनं उभा जन्म काढला. आरशासारखे घासलेले गिअर त्याच्याकडे यायचे. तो ते तेलाच्या टबात बुचकळायचा, निथळू द्यायचा, कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात निजवायचा. ‘निजवायचा’ हा शब्द त्याचाच. उघड्या हातानं गिअरला शिवायचं नाही, हे त्याचं सोवळं. “घामाचं एक बोट लागलं ना भावा, तर जहाज परदेशी पोचंस्तवर त्या बोटाचा तांबडा ठसा उठतोय,” असं तो सांगे. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरातसुद्धा एखादी जपायची वस्तू तो कापडात धरूनच उचलायचा. यावरून दादूनं संसारही हातमोजे घालूनच केला, अशी दुसरी थाप निघाली. ती माझी नाही. मला सुचली असती तर मी सोडली नसती.

कंपनीतून सुटल्यावरही त्याचा हात स्वस्थ नसे. कुणाचा कोयता, कुणाच्या फाटकाची बिजागरी, कुणाच्या सायकलची साखळी, जिथे तांबडं दिसेल तिथे दादू बाटली आणि चिंधी घेऊन हजर. एकदा मारुतीच्या देवळातल्या घंटेच्या साखळीला इतकं तेल चोपडलं की आरतीला आलेल्या म्हाताऱ्यांचे हात घसरायला लागले. नुसतं बसणं त्याला जमतच नसे. काही बिघडलेलं दिसलं की तो सुखी होई, कारण मग करायला काहीतरी मिळे.

त्याची बायको तानाबाई. तिची जीभ कोयत्यासारखी, आणि तिला जन्मात कधी तेल लावावं लागलं नाही. दोघांना मूलबाळ नाही. दादूच्या भावाची मुलगी हर्षाली, तीच यांची लेक. ती पिंपळे सौदागरला राहते आणि औषधशास्त्राच्या मोठ्या परीक्षेसाठी प्रयोगशाळेत काहीबाही करते. हे ‘काहीबाही’ नक्की काय, ते तिच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला सगळ्यांना कळलं. जेवणं आटोपून बायका पान लावत बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, “पोरी, तू नेमकं करतीस तरी काय गं?”

हर्षालीनं हौसेनं मोबाइल काढला. मिल्क थिसल नावाचं एक काटेरी रोप आहे, परमुलखातलं. जांभळं फूल, आणि पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. त्याच्या बियांमधून सिलिमरिन नावाचा अर्क निघतो. तो काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला की त्यांची वाढ मंदावते. तिनं दोन फोटो दाखवले. एकात पेशींची जत्रा भरलेली, दुसऱ्यात जत्रा उठून गेल्यावर मैदानात उरतात तेवढ्याच.

“अँटिऑक्सिडंट असतं ते,” ती म्हणाली. “शरीरात ऑक्सिजनमुळं जी झीज होते ना, ती अडवतं.”

कोपऱ्यात पान जुळवत बसलेला दादू एकदम ताठ झाला. “ऑक्सिजननं झीज? म्हंजी गंजच की गं!”

“बरोबर, काका! अगदी तसंच!”

“मंग हे आरपीच झालं. माणसाची आरपी.”

सगळे हसले. हर्षाली तर टाळी द्यायला पुढे झाली. त्या ‘बरोबर’पायी पोरीनं पुढे फार भोगलं.

वर्ष झालं नसेल, तानाबाईची भूक गेली. मग डोळे पिवळे. पिंपरीतल्या एका दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि निघालं यकृत. कॅन्सर, तोही पसरलेला, कापून काढण्यापलीकडे गेलेला.

आता आमचं गाव काय सांगावं! यकृत म्हटलं की गावाला एकच गोष्ट ठाऊक, दारू. दादू सुपारीशिवाय कशाला शिवला नव्हता. तेव्हा पारावर असा निकाल लागला की तानाबाईच चोरून घेत असणार. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती पारासमोरून मुद्दाम झोकांड्या खात चालली आणि तो निकाल देणाऱ्यांतल्या एकाला म्हणाली, “रोहिदास, उरली आसंल तर दे रं थोडी!” रोहिदासानं चपला तिथंच टाकल्या आणि पळाला. खरं कारण साधं होतं. कधीकाळी अंगात शिरलेली कावीळ वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून राहिली होती. तानाबाईला कधी कळलंही नाही.

डॉक्टर धम्मरत्न म्हणून तरुण, शांत माणूस. त्यांनी समोर बसवून सांगितलं, “रोग पूर्ण जाणार नाही. पण रोज एक गोळी आहे, तिनं तो बराच काळ धरून ठेवता येतो. एवढंच की यकृताला ती गोळी पेलली पाहिजे. दर भेटीला रक्त तपासायचं. यकृत थकलं तर गोळी बंद करावी लागेल. म्हणून दुसरं काहीही द्यायचं नाही. काढा नाही, पावडर नाही, कुणी सांगितलेली मुळी नाही. द्यायचीच झाली तर आधी मला विचारायचं.”

“बरं,” तानाबाई म्हणाली. “शबुद देते.”

मी तिथंच होतो. माझी जुनी गाडी आणि माझा रिकामा वेळ, दोन्ही त्यांच्याच कामी लागले होते.

त्याच संध्याकाळी दादूनं हर्षालीला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला होता, त्यामुळे मला कान लावावे लागले नाहीत.

“पोरी, तुझं ते आरपी काकूला कवा सुरू करायचं?”

ती म्हणाली, “काका, ते बशीतलं आहे. बशीतल्या पेशी म्हणजे काकू नाही.”

“फोटूत तर कमी झाल्त्या.”

“बशीत मी थेट त्यांच्यावर ओततेय. माणसानं गिळलं तर त्यातलं फार थोडं रक्तात उतरतं. माणसांवर झालेले प्रयोग थोडे आहेत, आणि त्यातून ठाम काही निघालेलं नाही. आणि दुसरं ऐका. कॅन्सरची काही औषधं त्या पेशींना मुद्दाम गंज चढवून मारतात. तिथं तुम्ही तेल लावलं तर काकूऐवजी त्यांनाच लागायचं.”

“मंग तू बरूबर का म्हणलीस?”

“चुकलं माझं, काका,” ती म्हणाली आणि रडायला लागली. दादूनं फोन कापडात धरून खाली ठेवला.

आता यापुढे दादूनं जे केलं ते फक्त आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूसच करू शकतो.

कंपनीत ऑडिट असतं. बाहेरचा साहेब तपासायला येतो. त्याच्या आधी अख्खं खातं झाडून काढतात. कागदावर ज्याला मंजुरी नाही असा डबा, बाटली, चिंधी, सगळं कपाटात जातं. साहेब विचारेल तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं नाही, आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली की बाटल्या पुन्हा टेबलावर. यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नाही, शिस्त आहे असंच वाटतं. तीच शिस्त दादूनं दवाखान्याला लावली.

हर्षालीच्याच घराजवळ, व्यायामशाळेतल्या पोरांना ताकदीची पावडर विकणारं एक दुकान आहे. दंडावर बेडक्या आलेल्या पोरांच्या रांगेत आमचा दादू उभा राहिला. “तुमी बॉडी करताय का, बाबा?” असं एकानं विचारलं. “मालकिणीची करतोय,” दादू म्हणाला. दुकानदारानं मिल्क थिसलच्या कॅप्सूलची बाटली काढून दिली. वर जांभळ्या फुलाचं चित्र होतं. फोटोतलं तेच, दादूची खात्री पटली.

रोज सकाळ-संध्याकाळ तो चिंधीत धरून एकेक कॅप्सूल तानाबाईच्या तळहातावर ठेवी आणि तांब्या पुढे करी. तपासणीचा दिवस जवळ आला की बाटली कपाटात. दवाखान्यातून परतलं की बाटली बाहेर. मला हे तो अभिमानानं सांगायचा. “भावा, ऑडिट क्लिअर केलं बग.”

“अरे, डॉक्टर नको म्हणाला ना?”

“सायबाला सगळं सांगत न्हाईत, सोपानराव. तुमी पंचायतीत होता, तुमाला काय सांगायचं?”

मी गाडी काढायला उठलो.

दर भेटीला डॉक्टर न चुकता विचारत, “दुसरं काही सुरू आहे का?” दादू छताकडे बघे. आणि तानाबाई डॉक्टरच्या डोळ्यांत बघून म्हणे, “मी काय बी घेत न्हाई.” पापणीसुद्धा हलायची नाही. बाहेर आल्यावर दादू तिच्याकडे कौतुकानं बघे. “हिला कंपनीत उभी करायला पायजे हुती. साहेबाचा बाप पास करून गेला आसता.”

दोन-तीन भेटी बऱ्या गेल्या. मग एका भेटीत रक्ताचे आकडे वर गेले. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या भेटीत आकडे आणखी वर. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “यकृताला आता हे पेलत नाही. सध्या गोळी थांबवू.”

“थांबवू म्हंजी?” दादूनं विचारलं.

“दोन आठवडे बघू. आकडे खाली आले तर पुन्हा सुरू करता येईल.”

“आन न्हाई आलं तर?”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आणि तेव्हा दादू उठून उभा राहिला. कंपनीत चूक कबूल करायला उभे राहतात तसा, हात मागे बांधून. “सायेब, मी खोटं बोललो. मी तिला कॅप्सूल देत हुतो. ते दुधकाट्याच्या बियाचं. रोज. तुमच्याकडं यायच्या आदी बंद करायचो आन पुन्यांदा सुरू करायचो.”

मला वाटलं, आता डॉक्टर तोडणार. त्यांनी फक्त विचारलं, “कधीपासून?” दादूनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “द्यायला नको होतं. त्यानं झालं असेल, नसेलही. खात्रीनं सांगता येणार नाही. पण बंद करा. त्याचंच असेल तर आकडे उतरायला हवेत.”

मी दादूच्या तोंडाकडे बघत होतो. तिथं लाज असायला हवी होती. पण त्या तोंडावर हळूहळू उजेड आला. चूक त्याची असेल तर ती दुरुस्त करता येणार होती. बाटली फेकली की आकडे उतरणार, आकडे उतरले की गोळी सुरू होणार. “आत्ता टाकतो सायेब, परततानाच द्यायला आणली हुती, गाडीतच हाय,” असं म्हणत तो पोरासारखा धावत बाहेर गेला. पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात बाटली टाकायला.

दार मिटलं. तानाबाईनं पदर सारखा केला.

“डाक्टर, म्या एक बी गिळली न्हाई.”

डॉक्टरांनी मान वर केली. मीही केली.

“तुमाला शबुद दिल्ता न्हवं? त्यांची पाठ वळली की कडीपत्त्याच्या कुंडीत खुपसायची. कडीपत्त्याचं लिवर आता दगडावानी आसंल.”

आम्हा दोघांना हसू आलं नाही. तिलाही आलं नसावं.

“मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“कसं सांगू? त्यांच्यानं नुसतं बसवत न्हाई. घरात मानूस दुखण्यानं पडलंय आन हातात करायला काय न्हाई, वेडा झाला आसता त्यो. त्या चिंधीत धरून एक गोळी द्यायची, यवडंच काम हुतं त्याला. ते कशापाई काडून घ्यायचं?” मग तिनं विचारलं, “म्हंजी हे आकडं दुखन्याचंच हायेत. व्हय ना?”

“बहुतेक,” डॉक्टर म्हणाले.

“त्यास्नी आत्ताच नका सांगू. दोन आठवडं तसं बी बघायचंच हाय.”

“ते मला विचारतील तर मी खोटं बोलणार नाही.”

“इचारनार न्हाई. सायबाला सगळं इचारत न्हाईत.” आणि मग ती माझ्याकडे वळली. “सोपानभावजी, तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, अख्ख्या गावाला ठावं हाय. ह्यो यवडा एक भिजवा.”

ते दोन आठवडे! माझ्यासारख्याच्या पोटात एवढी गोष्ट, आणि दादू रोज समोर. इतका आनंदी मी त्याला कंपनीच्या बोनसलाही पाहिला नव्हता. “माझीच चूक हुती, भावा,” तो ज्याला त्याला सांगत सुटला. रोहिदासाला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं. “म्याच आकडं वाढवलं. आता उतरत्यात बग.” लोक हळहळण्याऐवजी बुचकळ्यात पडत. स्वतःचा गुन्हा असा पेढे वाटल्यासारखा सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यानं घरातल्या झाडून साऱ्या बिजागऱ्यांना तेल लावलं. हर्षालीला फोन करून म्हणाला, “तू रडू नगंस पोरी, तुझं काय बी चुकलं न्हाई, सगळं माझंच हाय.” ती बिचारी आणखीच रडली.

एकदा त्याच्या ओट्यावर बसलो होतो. समोर कढीपत्ता डुलत होता, चांगला कंबरेएवढा. दादू म्हणाला, “हिचा हात बग कसा गुणाचा हाय. आजारपनात बी झाड वाडवलं.” माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. आत चुलीशी तानाबाई होती. तिनं उंबऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी पोहे गिळले, तीळही गिळला.

ती दिवसेंदिवस खंगत होती. पायांवर सूज चढली. दादूला ती दिसत नव्हती असं नाही. पण तो म्हणे, “आतलं निथळतंय. वेळ लागतोय निथळायला.”

दोन आठवड्यांनी आम्ही गेलो. दादूनं घडीचा सदरा घातला होता. डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि आमच्या खुर्च्यांजवळ येऊन बसले. समजायला तेवढं पुरेसं होतं.

“उतरले नाहीत. वाढले आहेत. ती गोळी आता देता येणार नाही, दादूकाका. यापुढे दुखू नये, सूज कमी राहावी, जेवण जावं, एवढं आपण बघू. ते सगळं मी करेन.”

“दुसरी गोळी?”

“या यकृताला पेलेल अशी नाही.”

बाहेर लांब बाकडं होतं. तिथं आम्ही तिघं बसलो. दादूचे हात मांडीवर उपडे पडले होते. इतके रिकामे हात मी त्याचे कधी पाहिले नव्हते. तो म्हणाला, “म्या लई दिल्या. म्याच मारली हिला.”

तानाबाईनं हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. दोन आठवड्यांच्या उजेडाच्या बदल्यात ही सावली त्याच्या मागे जन्मभर लागेल, याचा हिशेब तिच्याकडून राहून गेला होता.

“अवो,” ती म्हणाली. “इकडं बगा. म्या एक बी न्हाई गिळली.”

“आँ?”

“कुंडीत खुपसल्या समद्या. इचारा भावजींना. डाक्टरला बी ठावं हाय. तुमी काय बी केलं न्हाई. तुमच्यानं काय बी झालं न्हाई.”

दादूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं, ओझं उतरल्यासारखा तो श्वास सोडेल. निदान रागावेल.

दादू तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “एक तरी गिळायचीस गं.”

समोरून एक बाई चहाची किटली घेऊन गेली, कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. दादूनं सवयीनं खिशातली चिंधी काढली, त्या चिंधीकडे बघितलं आणि बाकड्यावर ठेवून दिली. मग तानाबाईचा हात त्यानं आपल्या उघड्या हातात घेतला. त्याचा तळवा घामानं ओला झाला होता, ते मला बाकड्याच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत होतं. त्यानं तो पुसला नाही.